महाविद्यालयाची वाट गावातूनच निघते

भंडारा जिल्ह्यात जुलै महिना हा रोवणीचा महिना होय. पऱ्हे तयार झालेले असतात, बांध्यांत पाणी साचलेले असते आणि घरातील लहानथोर सारे चिखलात उतरलेले असतात. मजुरांची टंचाई असते, उसनवारी झालेली असते आणि एक दिवसाची सुटीसुद्धा परवडत नाही. नेमक्या याच दिवसांत बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असतात. अमुक तारखेपर्यंत जात वैधता प्रमाणपत्र सादर करावे, तमुक तारखेपर्यंत महाविद्यालयात प्रत्यक्ष उपस्थित राहावे, असे संदेश भ्रमणध्वनीवर येत राहतात. ज्या घरात कागदपत्रे आधीच तयार आहेत, त्या घरातील एक माणूस एक दिवस वेळ काढतो आणि प्रवेश होतो. ज्या घरात ती नाहीत, तेथे रोवणी आणि प्रवेश या दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. अशी निवड करण्याची वेळ आली, की बहुधा प्रवेशच मागे पडतो.

गुण मिळविणे हे विद्यार्थ्याचे काम आहे आणि ते तो करीत असतो. परंतु त्या गुणांचे रूपांतर प्रवेशात होण्यासाठी जी कागदपत्रे व जी माहिती लागते, ती विद्यार्थ्याच्या हाती नसते. ती शाळेच्या दप्तरात, तहसीलच्या अभिलेख कक्षात, तलाठ्याच्या सज्जात आणि ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. म्हणूनच महाविद्यालयीन प्रवेशाची तयारी हा केवळ बारावीच्या विद्यार्थ्याचा प्रश्न नसून शिक्षक, महसूल कर्मचारी आणि पंचायतीचे सदस्य या सर्वांचा प्रश्न आहे.

नागपूरपासून गावाजवळ

एके काळी या जिल्ह्यातील मुलाला उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८५ मध्ये सुरू झालेले मॉरिस कॉलेज, १९२३ मध्ये स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, १९४७ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सारी नागपुरात होती. भंडारा ते नागपूर हे अंतर सुमारे ६० किलोमीटरच आहे. परंतु खोलीभाडे आणि खानावळीचा खर्च ज्यांना परवडत असे, त्यांच्यासाठीच ते ६० किलोमीटर होते. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने पुढे भंडारा, तुमसर व साकोली येथे महाविद्यालये उभी केली आणि शेतकऱ्यांच्या मुलांना घरची भाकरी खाऊन पदवी घेणे शक्य झाले. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात आहेत. साकोली येथे शासकीय तंत्रनिकेतन आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ झाला, त्यांत भंडाऱ्याचेही महाविद्यालय आहे.

संस्था गावाजवळ आल्या ही समाधानाची गोष्ट होय. मात्र संस्था जवळ येत असतानाच प्रवेशाची पद्धत दूर गेली. पूर्वी गुणपत्रिका घेऊन महाविद्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले, की लिपिक अर्ज तपासून देत असे आणि काय उणे आहे ते तोंडी सांगत असे. आज तो लिपिक नाही. संगणकाचा पडदा काय उणे आहे ते सांगतो, पण ते कोठे मिळेल हे सांगत नाही. जे काम खिडकीवरचा माणूस करीत होता, ते आता कोणीतरी गावात करणे आवश्यक झाले आहे.

प्रवेशाच्या तीन वाटा

बारावीनंतरच्या प्रवेशांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पारंपरिक पदवीचे प्रवेश महाविद्यालयांच्या स्तरावर, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार होतात. ही वाट सर्वांत सोपी आहे.

दुसरी वाट राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची. २०१५ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेला हा कक्ष अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, विधी, शिक्षणशास्त्र इत्यादी अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षा घेतो आणि त्यानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राबवितो. या परीक्षांची नोंदणी निकालानंतर नव्हे, तर बारावीची परीक्षा होण्यापूर्वीच, साधारणतः डिसेंबर-जानेवारीपासून सुरू होते. २०२४ मध्ये बीबीए, बीसीए यांसारख्या अभ्यासक्रमांसाठीही प्रथमच सामाईक परीक्षा लागू झाली. ही गोष्ट अनेक विद्यार्थ्यांपर्यंत वेळेवर पोहोचलीच नाही, आणि त्या वर्षी अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. गतवर्षी जो अभ्यासक्रम विनापरीक्षा होता, तो यंदाही तसाच असेल, असे गृहीत धरता येत नाही, हा यातील बोध होय.

तिसरी वाट राष्ट्रीय पातळीवरील परीक्षांची. वैद्यकीय शिक्षणासाठी 'नीट' आणि आयआयटी, एनआयटी यांसारख्या संस्थांसाठी 'जेईई'. 'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असते, हे ग्रामीण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितले पाहिजे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय स्तरावर आणि ८५ टक्के राज्य स्तरावर भरल्या जातात. दोन्हींसाठी नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागते. केवळ 'नीट' दिली म्हणजे राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत नाव आले, असे होत नाही.

या वाटांची पहिली ओळख आता दहावीनंतरच होते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तत्पूर्वी ही पद्धत नागपूरसह काही महानगर क्षेत्रांपुरतीच मर्यादित होती. त्या वर्षी विद्यार्थ्यास १० पर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येत होता आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाद होत असे. म्हणजेच पसंतीक्रम विचारपूर्वक भरण्याची जबाबदारी आता १५-१६ वर्षांच्या मुलावर येऊन पडली आहे.

आरंभ नावापासून

प्रवेशातील अडचणींचे मूळ पुष्कळदा पहिलीच्या वर्गात असते. मूल शाळेत दाखल होताना दाखल-खारीज रजिस्टरात जी नोंद होते, तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि तेथून प्रत्येक अर्जावर उतरत जाते. नावातील एक वेलांटी, वडिलांच्या नावाऐवजी टोपणनाव, जातीच्या रकान्यात पोटजात अथवा केवळ धर्माचा उल्लेख, जन्मस्थळाचा रिकामा रकाना या चुका त्या दिवशी क्षुल्लक वाटतात. बारा वर्षांनंतर आधारपत्रावर एक नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि जातीच्या दाखल्यावर तिसरे असे चित्र दिसू लागले, की त्याच चुका डोंगराएवढ्या होतात.

विद्यार्थी शाळेत शिकत आहे तोपर्यंत विहित पुरावे जोडून व सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने ही दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्यानंतर तीच दुरुस्ती फार कठीण होते, आणि दहावीचे प्रमाणपत्र निघाल्यानंतर नागपूर विभागीय मंडळापर्यंत जावे लागते. यास्तव नववीचा वर्ग हा तपासणीचा खरा वर्ग मानावा. जन्म नोंद, रजिस्टरातील नोंद व आधारपत्र ही तिन्ही समोर ठेवून प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व जात मुख्याध्यापकांनी पडताळून पाहावी. दहावीच्या परीक्षेपूर्वी मंडळाकडून तपासणीसाठी येणारी प्री-लिस्ट ही शेवटची सोयीची संधी असते. त्या यादीवर विद्यार्थ्याची केवळ सही न घेता पालकांना बोलावून ती वाचून दाखविणे हितावह ठरते.

जन्मस्थळाच्या रकान्याला या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. तुमसर तालुक्याला लागून मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे आणि दोन्ही बाजूंच्या गावांत सोयरिकी आहेत. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. माहेर सीमेपलीकडे असेल, तर बाळाचे जन्मस्थळ बालाघाट जिल्ह्यात नोंदले जाते. ते मूल वाढते, शिकते ते महाराष्ट्रात. तथापि राज्याच्या कोट्यातील प्रवेशासाठी त्याच्या बाबतीत अधिवास प्रमाणपत्राची निकड अधिक असते. सीमेवरील शाळांनी अशा विद्यार्थ्यांची यादी करून ठेवल्यास ऐनवेळची धावपळ टळेल.

जुन्या नोंदींचा शोध

सर्वांत अधिक वेळ घेणारा कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. उपविभागीय अधिकाऱ्याने दिलेला जातीचा दाखला हा पहिला टप्पा, आणि पडताळणी समितीने त्याची सत्यता तपासून दिलेले वैधता प्रमाणपत्र हा दुसरा. १८ ऑक्टोबर २००१ रोजी अमलात आलेल्या अधिनियमानुसार राखीव जागेवरील व्यावसायिक प्रवेशासाठी हा दुसरा टप्पा आवश्यक ठरतो. अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्ग यांचे प्रस्ताव भंडारा येथील जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातात. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र समित्या आहेत.

समिती जो पुरावा पाहते, तो ठरावीक तारखेपूर्वीचा असल्यास सर्वांत बळकट मानला जातो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा होत. अर्थात पुरावा विद्यार्थ्याचा नव्हे, तर त्याच्या आजोबांचा अथवा पणजोबांचा शोधावा लागतो.

येथे भंडारा जिल्ह्याचा इतिहास आडवा येतो आणि साहाय्यासही येतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्यापूर्वी मध्य प्रांतात. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील कुटुंबे जे जुने कागद दाखवितात, त्यांपेक्षा येथील कागद निराळे आहेत. येथे गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद ठेवीत असे. त्या कोतवाल बुकात बापाचे नाव व जात लिहिलेली असे. त्याच्या नकला तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळू शकतात. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. पण त्या काळातील अधिकार अभिलेख आणि बंदोबस्ताचे कागद काही कुटुंबांच्या बाबतीत आजही उपयोगी पडतात. आजोबा चार वर्ग शिकलेले असतील, तर जुन्या प्राथमिक शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर हा सर्वांत सुलभ पुरावा ठरतो.

या जुन्या नोंदींत काही नेहमीच्या अडचणी येतात. अनेक नोंदी हिंदीत आहेत. कित्येकांत आडनावच नाही. व्यक्तीचे नाव, बापाचे नाव, जात व गाव एवढाच उल्लेख असतो. आडनाव नंतरच्या पिढीला शाळेत मिळालेले असते. अशा वेळी वंशावळ हा दुवा ठरतो. पणजोबांपासून विद्यार्थ्यापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर नीट मांडली आणि प्रत्येक पिढीचा एक तरी कागद तिला जोडला, की साखळी पूर्ण होते. वडील, सख्खा भाऊ अथवा चुलत घराण्यातील कोणास वैधता प्रमाणपत्र मिळालेले असल्यास त्याची प्रत जोडल्याने काम पुष्कळ सुकर होते. विवाहित स्त्रीच्या बाबतीत पुरावा सासरचा नव्हे, तर वडिलांकडील लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

१९५६ मध्ये व त्यानंतर बौद्ध धम्माचा स्वीकार केलेल्या कुटुंबांच्या नोंदींत आजोबांच्या पिढीत जातीचा उल्लेख आणि पुढील पिढीत केवळ 'बौद्ध' असा उल्लेख आढळतो. १९९० मध्ये घटनात्मक आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा लागू झाला. त्यामुळे दाखला मिळण्यास बाध नाही. परंतु दोन्ही नोंदी एकाच कुटुंबाच्या आहेत, हे कागदांवरून दिसावे लागते.

पुरावा तोकडा असला, तर प्रकरण दक्षता पथकाकडे चौकशीसाठी जाते आणि त्यात महिने जातात. म्हणून हा प्रस्ताव बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह दाखल करणे श्रेयस्कर. काही वर्षी शासनाने वैधता प्रमाणपत्र सादर करण्यास मुदतवाढ दिली आहे. परंतु मुदतवाढ ही सवलत आहे, नियम नव्हे. तिच्या भरवशावर राहून राखीव जागा गमावण्याची वेळ कोणावर येऊ नये.

कायमचे कागद आणि वर्षाचे कागद

सर्व कागदपत्रांची दोन गठ्ठ्यांत विभागणी केली, की गोंधळ निम्म्याने कमी होतो. पहिला गठ्ठा कायमच्या कागदांचा : जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र, जन्म दाखला, दहावीचे प्रमाणपत्र. हे एकदाच काढावयाचे असतात आणि वर्षातील कोणत्याही महिन्यात काढता येतात.

दुसरा गठ्ठा वर्षाच्या कागदांचा : उत्पन्नाचा दाखला, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, म्हणजेच ज्यास लोक नॉन-क्रिमिलेअर म्हणतात ते, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र. हे कागद आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा, त्याच्या पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत असावी लागते. जानेवारीत घाईने काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपत असेल, तर जुलैमध्ये ते निरुपयोगी ठरते. कागद हाती आहे, म्हणून निश्चिंत असलेले पालक याच ठिकाणी फसतात. वर्षाचे कागद एप्रिल-मेमध्ये काढावे आणि त्यावरील मुदतीची तारीख त्याच वेळी वाचून घ्यावी.

नॉन-क्रिमिलेअरच्या उत्पन्न चाचणीत वेतनाचे व शेतीचे उत्पन्न मिळविले जात नाही, तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे एकूण उत्पन्न पाहिले जाते. दोन्ही ठिकाणी मर्यादेचा आकडा ८ लाखांचा दिसला, तरी मोजण्याची रीत वेगळी आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांस हे प्रमाणपत्र लागत नाही. या दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक कागदाची गरज नाही, साधा कागद पुरतो. ही एवढी माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिली, तरी गरीब पालकांचा अनाठायी खर्च वाचेल.

हे दाखले ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत ठरलेली असून विलंब झाल्यास पहिले व दुसरे अपील आणि त्यानंतर आयोगाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी अर्जाची पोच जपून ठेवावी लागते. पोच नसेल, तर मुदत कोठून मोजावी हा प्रश्न उभा राहतो.

यंत्र जागा कशी देते

केंद्रीभूत प्रक्रियेविषयी ग्रामीण भागात अनेक गैरसमज आहेत. चांगले महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले आणि ते मिळाले नाही, तर खालचेही हातचे जाईल, ही भीती त्यांत प्रमुख आहे. वस्तुस्थिती तशी नाही. यंत्र गुणवत्ता यादीतील क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे वळते आणि त्याने लिहिलेली पहिली पसंती पाहते. तेथे त्याच्या प्रवर्गाची जागा शिल्लक असेल, तर ती देते. नसेल तर दुसरी पसंती पाहते, मग तिसरी. खालच्या पसंतीच्या वेळीही त्या विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक तोच राहतो. सबब, ज्या महाविद्यालयात खरोखर शिकावयाचे आहे, ते वर लिहावे आणि गतवर्षी ज्या क्रमांकापर्यंत प्रवेश झाले त्यावरून जेथे मिळण्याचा संभव आहे, अशी पुरेशी महाविद्यालये खाली लिहावीत.

जपावयाचे ते दुसऱ्या गोष्टीस. जेथे जाणे अशक्य आहे, असे नाव यादीत कोठेही नसावे. अभियांत्रिकीच्या प्रवेशांत २०२५-२६ मध्ये पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही पसंती मिळाल्यास ती जागा आपोआप कायम होत असे. पुढील फेरीत बदलाची मुभा राहत नसे. हे नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचणे हाच एकमेव खात्रीचा उपाय होय. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले, हा आधार पुरेसा नाही.

समजा, लाखांदूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीस अभियांत्रिकीस जावयाचे आहे. तिने नोंदणी केली, शुल्क भरले, कागद चढविले आणि आपले काम झाले असे समजून ती घरी बसली. प्रत्यक्षात अर्जाची छाननी होऊन तो कायम झाल्याशिवाय तिचे नाव गुणवत्ता यादीत येणार नाही. छाननीत एखादा कागद परत पाठविला गेला असेल, तर तो दुरुस्त करून पुन्हा चढवावा लागतो. त्यानंतर तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. तिच्यात प्रवर्ग चुकीचा दिसला, तर हरकत घेण्यास मोजके दिवस मिळतात. ते गेले, की अंतिम यादीत बदल होणे कठीण असते. जागा मिळाल्यावरही ती स्वीकारल्याचे शुल्क भरून मुदतीत महाविद्यालयात मूळ कागदांसह हजर व्हावे लागते. या सहा पायऱ्यांपैकी कोणतीही एक चुकली, तरी गुण असूनही जागा जाते. तिच्या घरात संगणक नसेल, तर या प्रत्येक पायरीला तिला तालुक्याच्या गावी जावे लागेल, आणि तेही रोवणीच्या दिवसांत. गावातील शाळा अथवा ग्रामपंचायत तिला आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहू देईल, तर तिच्या यशातील तो वाटा लहान म्हणता येणार नाही.

पैशाचा विचार आधी

पैशाअभावी अर्जच न करणारे विद्यार्थी कोणत्याही यादीत दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत योजनांची माहिती वेळेवर जाणे अगत्याचे आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत लागू झाली. खाजगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणून प्रवेश कोणत्या मार्गाने व कोठे घेतला, यालाही महत्त्व आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती यांचे अर्ज महाडीबीटी प्रणालीवर भरावे लागतात आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होते. खाते बंद पडलेले अथवा आधारशी न जोडलेले असल्यास मंजूर रक्कमही अडकून राहते.

शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा खर्च अनेकदा जड होतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना भंडारा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मार्गदर्शन मिळू शकते.

तथापि योजनेची रक्कम प्रवेशानंतर काही महिन्यांनी हाती येते, आणि पहिल्या महिन्याचे भाडे, पुस्तके व प्रवासखर्च लगेच लागतो. धानाचे पैसे येतात हिवाळ्यात आणि प्रवेश होतो पावसाळ्यात, जेव्हा घरातील रोकड बियाणे व मजुरीत गेलेली असते. आधारभूत केंद्रावर विकलेल्या धानाच्या पैशातून थोडी रक्कम बारावीतील मुलाच्या नावे बाजूस ठेवण्याचा सल्ला शिक्षकांनी पालकसभेत दिला, तर जुलैमध्ये सावकाराचे दार ठोठावण्याची पाळी येणार नाही.

धानाच्या पंचांगाप्रमाणे

शेतकऱ्याला प्रत्येक कामाची वेळ ठाऊक असते. प्रवेशाच्या कामांचीही वेळ त्याच पंचांगात बसविता येते. कापणी-मळणी उरकल्यानंतरचे डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सवडीचे. कायमचे कागद आणि जुन्या नकला यांसाठी हाच काळ योग्य, आणि प्रवेश परीक्षांची नोंदणीही याच सुमारास सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व पुढे तेंदूपाने वेचण्याचा हंगाम येतो. त्यातून सवड काढून एप्रिल-मेमध्ये वर्षाचे कागद काढावेत. मेमध्ये निकाल लागतो. रोवणीला हात लागेपर्यंत सर्व कागद एका पिशवीत, त्यांच्या प्रतींसह तयार असले, तर जुलैमध्ये उरते ते केवळ पसंतीक्रम भरणे आणि एक दिवस महाविद्यालयात जाणे.

हे घडवून आणण्यासाठी नवा निधी अथवा नवी यंत्रणा लागत नाही. माध्यमिक शाळेने नववीत नोंदींची तपासणी करावी. कनिष्ठ महाविद्यालयाने अकरावीत वैधता प्रस्तावांची यादी करावी आणि एका शिक्षकाकडे हे काम सोपवावे. ग्रामपंचायतीने गावातील अकरावी-बारावीच्या मुलामुलींची नोंदवही ठेवून डिसेंबरच्या ग्रामसभेत ती वाचावी. कोणाचा कोणता कागद बाकी आहे, हे गावाला कळले, की वडीलधारी मंडळी स्वतःहून आजोबांच्या शाळेचे नाव आठवून सांगतात. तहसील कार्यालयाने मळणीनंतर मोठ्या गावांत शिबिर भरवून जुन्या नकलांचे अर्ज तेथेच स्वीकारावेत. आणि पंचायतीच्या फलकावर ग्रामनिधीच्या हिशेबाशेजारी परीक्षांच्या नोंदणीच्या अखेरच्या तारखा लिहिल्या जाव्यात.

गावचा तलाव भरला, की त्याचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा द्यावयाचे, हे गाव एकत्र बसून ठरवीत आले आहे. ज्याच्या बांधीला वेळेवर पाणी मिळाले नाही, त्याचे धान वाळले तर तो दोष एकट्या त्याचा मानला जात नाही. गुण मिळवूनही केवळ एका कागदाअभावी महाविद्यालयाच्या दारातून परतलेल्या मुलीच्या बाबतीतही गावाने हाच न्याय लावावा. तिचा अभ्यास तिने केलेला आहे. तिचा कागद वेळेवर तिच्या हाती देणे हे इतरांचे काम आहे, आणि त्या कामाचा हंगाम मळणी संपताच सुरू होतो.